बिघाड आढळला नाही

४ मार्च, सोमवार

दुरुस्तीच्या वहीत जे लिहिता येत नाही, ते लिहायला ही दुसरी वही काढली आहे. ती कपाटात, तेलाच्या डब्यामागे राहील. जोडीदाराला सापडली तर सापडो. हत्यारखोलीत आम्ही दोघंच असतो, आणि त्याला बहुतेक सगळं माहीत असतं. तो फक्त विनोद करतो.

नोंदीला सहाशे बारा रायफली आहेत. त्यातल्या चार दुरुस्तीच्या रॅकवर. एकीच्या लाकडी दस्त्याला भेग गेली आहे. ती खरोखर नादुरुस्त. उरलेल्या तिघींना काहीही झालेलं नाही. वहीत त्यांच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: बोल्ट अडकतो. बोल्ट अडकतो. स्प्रिंग मागवली आहे.

हे कसं होतं ते लिहितो. माणूस ड्यूटी संपवून रायफल जमा करायला येतो. खिडकीतून आत देतो आणि हात लगेच मागे घेत नाही. म्हणतो, "उस्ताद, बोल्ट अडकतोय." मी बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, मागेपुढे करून पाहतो. तो अडकत नसतो. मग मी माणसाकडे पाहतो. आणि पिवळी चिठ्ठी बांधतो. रायफल दुरुस्तीला असलेल्या माणसाला पहारा लागत नाही. तो टेलिफोनवर बसतो, गोदामात बसतो, गाडी चालवतो. कुणी काही विचारत नाही. रायफली बिघडतातच.

डॉक्टरकडे गेला तर लाल चिठ्ठी. ‘या इसमास हत्यार देऊ नये.’ ती मोठ्या रॅकवर, त्याच्या खाचेवर, दिसेल अशी लावायचा नियम आहे. पण चिठ्ठीच्याही आधी बाक. मनाच्या डॉक्टरची खोली दवाखान्याच्या टोकाला, खोलीबाहेर बाक, बाकासमोर कॅन्टीनची रांग. आमच्याकडे कुणी वेडा झाला असं म्हणत नाहीत. ‘बाकावर बसला’ म्हणतात.

ही खोली माझ्या हाती आल्यापासून मी एकही लाल चिठ्ठी बांधलेली नाही. याचा मला अभिमान आहे.

दोन रायफली कुणाच्या ते लिहून ठेवतो. एक लंबूची. तो टेलिफोनवर असतो, दारातून वाकून आत येतो. दुसरी मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरची. तिसरी जुनी आहे. तिचं नंतर.

७ मार्च, गुरुवार

नवीन डॉक्टर हत्यारखोलीत आल्या. मनाच्या डॉक्टर. वयाने तिशीच्या आसपास, बूट नवे. जोडीदार कानात म्हणाला, "उस्ताद, आपली पत्रिका बघायला आल्यात."

त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी लाल चिठ्ठ्या किती?"

"एकही नाही."

"त्याच्या आधीच्या वर्षी?"

"एकही नाही, मॅडम. आपली माणसं कणखर आहेत."

त्या दुरुस्तीच्या रॅकपाशी गेल्या. पिवळ्या चिठ्ठ्या वाचल्या. "आणि या?"

"या आजारी आहेत."

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "रायफलींना निदान कुणीतरी दाखवायला आणतं."

जोडीदार हसला. मीही हसलो. जाताना त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. मी जुडगा मुठीत धरला. मूठ खिशात घातली. थंडी अजून गेलेली नाही.

१० मार्च, रविवार

घरी. बायकोच्या हातून ताट निसटलं. फार मोठा आवाज नव्हता. मी टेबलाखाली होतो. कसा गेलो ते आठवत नाही. बूड बाहेर, डोकं आत. मुलगी बारा वर्षांची आहे. ती खाली वाकली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, ताट होतं. स्टीलचं."

ती हल्ली दार लावताना कडीला हात लावून धरते. मैत्रिणींना घरी आणत नाही, बाहेरच भेटते. मी बायकोला म्हणालो, पोर किती समजूतदार झाली आहे.

बायको म्हणाली, "समजूतदार नाही झाली. घाबरते."

"कशाला?"

तिने ताट उचललं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. ते आधीच स्वच्छ होतं.

१२ मार्च, मंगळवार

लंबू आला. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत येतो. खिडकीच्या जाळीला नाक लावून रॅककडे बघतो.

"उस्ताद, झाली का दुरुस्त?"

"नाही रे अजून."

"बरं," म्हणतो आणि त्याचे खांदे दोन बोटं खाली येतात. हे पाहायला मला आवडतं.

जोडीदार म्हणाला, "सासरी पाठवलेल्या लेकीकडे बघावं तसा बघतोय. हुंडा परत मागू नकोस म्हणजे झालं."

लंबू हसला नाही. आज थोडा वेळ थांबला. म्हणाला, "फोन वाजत नसतो ना, तेव्हाही मी उचलतो. उचलला की पलीकडे कुणी नसतं. पण ठेवून दिला तर वाईट वाटतं. कुणी असलं तर?"

मी म्हणालो, "झोप कमी पडते तुला. दुपारी अर्धा तास काढत जा."

"हो," म्हणाला. "काढतो."

चांगला मुलखावेगळा माणूस आहे. झोपला की ठीक होईल.

१५ मार्च, शुक्रवार

हुकूम आला. २८ तारखेला हत्यारांची तपासणी. बाहेरून तपासनीस येणार. एकूणएक हत्यार उघडून पाहणार, दुरुस्तीच्या रॅकवरचीही. ज्यात बिघाड नसेल ते त्याच दिवशी त्या त्या माणसाच्या हातात द्यायचं.

जोडीदाराने हुकूम दोनदा वाचला. विनोद केला नाही. म्हणाला, "उस्ताद, या तिघींचं काय?"

म्हणजे त्याला माहीत आहे. तिघींचं.

दुपारी सभागृहात डॉक्टरांचं भाषण. मोठ्या साहेबांनी सुरुवात केली. ते चांगले आहेत, पण त्यांचा आवाज परेडचाच आहे. "मनाचा त्रास हा शरीरासारखाच त्रास! लपवायचा नाही! समजलं?" सहाशे माणसं एका आवाजात ओरडली, "समजलं!"

मग डॉक्टर बोलल्या. हळू बोलल्या, मागच्यांना ऐकू गेलं नाही. प्रश्न विचारा म्हणाल्या. सगळे पुढच्याच्या मानेकडे बघत बसले. शेवटी मागून एकजण म्हणाला, "मॅडम, तो बाक जरा मागच्या बाजूला नेता येईल का?"

सगळं सभागृह हसलं. डॉक्टर हसल्या नाहीत. "मी पत्र दिलंय," म्हणाल्या. "उत्तर आलंय की बाक नेमलेल्या जागी आहे."

पुन्हा हसू. मी लंबूला शोधलं. तो उंच असल्यामुळे लगेच सापडतो. तो हसत होता, पण सगळ्यांचं संपल्यावरही.

१८ मार्च, सोमवार

ड्रायव्हरला बोलावून घेतलं. म्हणालो, २८ च्या आत काहीतरी ठरव. एक तर रायफल परत घे, नाही तर डॉक्टरांकडे जा.

"बाकावर?" तो म्हणाला. "उस्ताद, तुम्ही सांगताय हे?"

"मी फक्त तारीख सांगतोय."

"बाकावर बसलो की दुसऱ्या दिवशी गाडी जाईल. गाडी गेली की मी काय करू? गवत कापू? घरी काय सांगू, गवत कापायला बढती मिळाली?"

"मग रायफल घे."

त्याने जाळीतून बोट घातलं. रॅकपर्यंत पोचत नाही, तरी घातलं. म्हणाला, "तुम्हाला वाटतं मी ती धरू शकेन?"

मी त्याच्या चिठ्ठीची गाठ घट्ट केली. तो म्हणाला, "तुम्ही स्वतः काय करता?"

मी त्याला कामाला लाग म्हणून सांगितलं. ड्रायव्हर लोक उद्धट असतात.

१९ मार्च, मंगळवार

लंबूला तपासणीचं सांगितलं.

"म्हणजे २८ ला मिळणार?"

"मिळेल."

"बरं," म्हणाला.

जाळीखालून एक छोटा पत्र्याचा डबा आत सरकवला. त्यात टेलिफोनच्या कामाचे सहा पेचकस. बारीक, उत्तम पोलादाचे. मुठींना त्याने स्वतः दोरा गुंडाळला आहे. म्हणाला, "तुम्हाला उपयोगी पडतील. मला नकोत आता."

मी नको नको म्हणालो, पण खरं तर आनंद झाला. असे पेचकस आता मिळत नाहीत. सगळ्यात बारीक पेचकसाने मी संध्याकाळी घरच्या घड्याळाचं झाकण उघडलं. घड्याळ चालू झालं.

२२ मार्च, शुक्रवार

आज जे केलं ते बावीस वर्षांत केलं नव्हतं.

जोडीदार जेवायला गेल्यावर लंबूची रायफल घेतली, बोल्ट उघडला, पिन काढली. पिन म्हणजे गोळीच्या बुडावर टोचणारी सळई. ती सरळ असते म्हणून हत्यार हे हत्यार असतं. मी ती पकडीत धरली. चांगली वस्तू वाकवताना हाताला कळतं. हात नको म्हणतो. मी वाकवली. टोक थोडं कानशीने घासलं. परत बसवली. बोल्ट पुढे जाऊन मध्येच थांबला.

आता ती खरोखर अडकते. वहीत लिहिलेलं खरं झालं. नवी पिन यायला चार महिने लागतात. चार महिने लंबू मोकळा.

ड्रायव्हरची घेतली आणि ठेवून दिली. दुसऱ्यांदा हात चालला नाही. तिसऱ्या रायफलीला मी तसाही हात लावत नाही. जोडीदारच तिला तेल देतो.

लंबूला सांगायला टेलिफोनच्या खोलीत गेलो. आत एक अधिकारी बसले होते. लंबूने कानाला फोन लावलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही. असं काही सगळ्यांसमोर सांगता येत नाही. मंगळवारी येईलच, तेव्हा सांगेन.

आज बरं वाटतं आहे. जेवलोही नीट. बायको म्हणाली, "काय, लॉटरी लागली?"

२६ मार्च, मंगळवार

लंबू आला नाही.

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत खिडकीत उभा होतो. जोडीदार म्हणाला, बोलावणं पाठवू का? मी म्हणालो, कशाला, त्याची ड्यूटी बदलली असेल. उद्या मीच जाईन.

२७ मार्च, बुधवार

लंबू गेला. काल दुपारी, पाण्याच्या टाकीमागे. आज सकाळी सापडला.

रायफल इथेच आहे. कुलूप लावलेलं होतं. मी दोनदा पाहिलं. मग परत पाहिलं. रायफल इथेच आहे.

२८ मार्च, गुरुवार

तपासणी ठरल्या दिवशीच झाली. बाहेरच्या माणसाला आमचं काय.

तपासनीस म्हातारा, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. घाई करत नाही. मला असा माणूस आवडला असता. सकाळपासून मोठा रॅक संपवला, तीन वाजता दुरुस्तीच्या रॅकवर आला. भेगेच्या रायफलीवर मान हलवली. लंबूची उघडली, पिन काढून उजेडात धरली. बराच वेळ धरली. "ही वाकलेली नाही," म्हणाला, "वाकवलेली आहे. कानशीच्या खुणा आहेत. काम जाणणाऱ्या माणसाचं आहे."

पिन त्याने वेगळी, टेबलावर ठेवली.

ड्रायव्हरची उघडली. बंद केली. लेखनिकाला सांगितलं, "लिहा. बिघाड आढळला नाही." हुकमाप्रमाणे ती संध्याकाळी ड्रायव्हरकडे परत गेली.

तिसरी उघडली. चिठ्ठी वाचली. "स्प्रिंग मागवली आहे. दोन वर्षांपूर्वी?" स्प्रिंग काढली, बोटाने दाबली, सोडली. ती टणकन उडून परत आपल्या लांबीला आली. "बिघाड आढळला नाही. कुणाची ही?"

जोडीदार जमिनीकडे बघत होता.

"माझी," मी म्हणालो.

‘बिघाड आढळला नाही’ हे तीन शब्द मी आधी एकदा वाचले आहेत. ते आता लिहितो, कारण आज नाही लिहिलं तर परत लिहिणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सीमेवरच्या चौकीत होतो. माझा एक दोस्त होता. कशावरही वाद घालायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. एकदा रायफल जमा करताना तो म्हणाला, "उस्ताद, बोल्ट अडकतोय." मी पाहिलं. अडकत नव्हता. तो म्हणाला, "मग माझा हात अडकत असेल." मी म्हणालो, "चहा कमी पी." आणि वहीत लिहिलं: तपासली, ठीक आहे. चार दिवसांनी चौकीवर हल्ला झाला. वकील गेला. वकिलाची रायफल माझ्याकडे परत आली तेव्हा तिच्यात तीसच्या तीस गोळ्या होत्या. चौकशी झाली. चौकशीवाल्यांनी ती माझ्यासमोर उघडली आणि लिहिलं, बिघाड आढळला नाही.

सगळे म्हणाले, उस्ताद, सुटलात. तुमच्या कामात खोट नव्हती.

तेव्हापासून मी रायफल गालाला लावलेली नाही. माझी सोडून सहाशे अकरा उघडतो, पुसतो, जोडतो. गालाला लावत नाही. सरावाच्या दिवशी हत्यारखोलीत काम काढतो.

३० मार्च, शनिवार

मुलगी शाळेत गेल्यावर बायको समोर येऊन बसली. मी घड्याळ उघडून बसलो होतो. ते चालू होतं, तरी उघडलं होतं.

"तुमच्या रायफलीला दोन वर्षं स्प्रिंग मिळत नाही," ती म्हणाली, "आणि मला वाटायचं सरकार कंजूष आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"जोडीदाराच्या बायकोनं. मागच्या वर्षी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? अहो, या घरात ताट ठेवायचं तरी मी आधी तुमच्याकडे बघते." तिचा आवाज चढला नाही. तो चढू नये याची तिला सवय झाली आहे. हे मला आज कळलं. "डॉक्टरांकडे जा, म्हणणार होते. पण मग तुम्ही म्हणाला असतात, किल्ल्या जातील. आणि किल्ल्या गेल्या तर माणूसच हातून जाईल अशी मला भीती."

"आता?"

"आता तो टेलिफोनवाला गेला. त्याच्या आईनंही असाच विचार केला असेल."

मी पेचकस डब्यात ठेवला. सहाही मोजून ठेवले.

१ एप्रिल, सोमवार

मोठ्या साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी दार लावून घेतलं.

"पिन कुणी वाकवली?"

मी तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला.

"थांबा. आधी ऐका. तो टेलिफोनवर काम करायचा. हाताने कसबी होता. अवजारं बाळगायचा. त्याने स्वतःच वाकवली असेल. मनाने ठीक नव्हता, हे आता दिसलंच आहे." त्यांनी पेन्सिल कागदाच्या कडेला समांतर ठेवली. "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तुमची नोंद स्वच्छ आहे. तुमच्या रायफलीचं मी बघतो. स्प्रिंग आली, बसवली, संपलं."

ते वाईट माणूस नाहीत. मला वाचवत होते. मीही असाच वाचवायचो सगळ्यांना.

म्हणाले, गुरुवारी लेखी द्या.

बाहेर येताना मी कमरेच्या जुडग्याला हात लावला. सात किल्ल्या. डोळे मिटूनही कुठली कुठली ते सांगेन. हे खोटं एका ओळीचं आहे. मी याहून जास्त ओळी लिहिल्या आहेत.

२ एप्रिल, मंगळवार

लंबूचा भाऊ सामान न्यायला आला. तोही उंच. दारातून तसाच वाकला. जोडीदार मागच्या खोलीत निघून गेला.

"तुम्हीच उस्ताद का? त्याच्या पत्रात तुमचं असायचं."

"काय असायचं?"

"रायफल बिघडली आहे म्हणायचा. पण उस्तादांकडे दिली आहे, ते करतील म्हणायचा." तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. "मी त्याला चिडवलं होतं. तुला हत्यार नीट सांभाळता येत नाही म्हणालो. त्यानेच ती खराब केली असं इथे कुणीतरी म्हणत होतं. खरं का? वडील ते विचारतील. त्यांना ते लागेल."

गेलेल्या माणसाला फरक पडत नाही. पण वडील असतात.

"त्याने खराब केली नाही," मी म्हणालो. "तिच्यात काहीच बिघाड नव्हता. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

त्याने विचारलं, "मग बिघाड कशात होता?"

मी पेचकसांचा डबा आणला. त्याच्या हातात दिला. मुठींवरचा दोरा त्याने ओळखला. "हे आमच्या आईच्या शिवणाच्या डब्यातलं सूत आहे," म्हणाला. मग म्हणाला, "हे त्याने तुम्हाला कधी दिले?"

"एकोणीस तारखेला."

तो हिशोब करत होता. मी केला नव्हता. तो जाण्याआधी आठवडाभर हे पेचकस माझ्याकडे होते आणि मी त्यांनी घड्याळ उघडत होतो.

४ एप्रिल, गुरुवार

लेखी दिलं. पिन मी वाकवली. का, तेही लिहिलं. वकिलाचं लिहिलं. माझ्या रायफलीचं लिहिलं. ड्रायव्हरचं नाव लिहिलं नाही. तो स्वतःचं स्वतः सांगेल किंवा सांगणार नाही. पिवळ्या चिठ्ठ्यांची पद्धत मी सुरू केली आणि तिच्यामुळे कुणीही बरं झालेलं नाही, असं शेवटी लिहिलं. ते वाक्य लिहायला बाकीच्या कागदाइतका वेळ लागला.

मोठ्या साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. "तुम्हाला कळतंय ना हे काय आहे?"

"हो."

"चौकशी मला थांबवता येणार नाही."

"नको."

त्यांनी कागद फाइलला लावला. "किल्ल्या," म्हणाले.

जोडीदाराच्या हातात दिल्या. त्याने दोन्ही हातांनी घेतल्या. मग मी दुरुस्तीच्या वहीत माझ्या रायफलीपुढचं ‘स्प्रिंग मागवली आहे’ खोडलं आणि लिहिलं: हत्यार ठीक. माणूस दुरुस्तीला. जोडीदाराने खाली सही केली. सही करताना म्हणाला, "सुटे भाग मिळतील ना, उस्ताद? जुनं मॉडेल आहे." आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

लाल चिठ्ठी कपाटात होती, कोऱ्याच्या कोऱ्या गठ्ठ्यात सगळ्यात वर. तिची दोरी मीच ओवली.

५ एप्रिल, शुक्रवार

साडेदहाला बाकावर बसलो. कॅन्टीनची रांग त्या वेळी सगळ्यात मोठी असते. डॉक्टरांनी नऊची वेळ दिली होती, तेव्हा तिथे कुणी नसतं. मी साडेदहाची मागून घेतली. ही बढाई नाही. नऊला गेलो असतो तर परत परत नऊलाच गेलो असतो.

बाक लोखंडी आहे. एक पाय आखूड, माणूस हलला की डुगडुगतो. इतकी वर्षं लांबून पाहिला, हे माहीत नव्हतं.

रांगेतलं बोलणं थांबलं. मग एकजण काहीतरी पुटपुटला आणि दोघंतिघं हसले. मी बुटांकडे पाहिलं. कमरेला उजव्या बाजूला काही वजन नव्हतं, त्यामुळे वाकडा बसलो आहे असं वाटत होतं. ड्रायव्हर रांगेत होता. त्याने पाठ केली.

मग जोडीदार रांग सोडून सगळ्यांच्या देखत माझ्याकडे आला. जुडगा त्याच्या कमरेला. मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "उस्ताद, तिसऱ्या कुलपाची किल्ली फिरत नाही."

"आधी थोडी वर उचल. मग फिरव."

"वर उचलून?"

"केसभर."

"बरं," म्हणाला आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. तिसरं कुलूप त्याने हजार वेळा उघडलं आहे.

आत डॉक्टरांनी काय विचारलं ते लिहीत नाही. मी फार बोललो नाही. एकदा दार आपटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. एवढं लक्षात राहिलं.

८ एप्रिल, सोमवार

दुसरी खेप. मधल्या काळात काही सुधारलेलं नाही. काल घरी पुन्हा टेबलाखाली गेलो. मुलगी माझ्याबरोबर खाली येऊन बसली. म्हणाली, "इथे गार लागतं, नाही?" चौकशी पुढच्या महिन्यात आहे. मला गोदामात मोजदादीला बसवलं आहे. तंबू, दोर, बादल्या. बादल्यांना कुलूप नसतं.

लंबूच्या जागी टेलिफोनवर दुसरा माणूस आला आहे. तो फोन वाजला तरच उचलतो.

आज रांग लहान होती. कुणी हसलं नाही, कुणी बघितलंही नाही. ते जास्त बरं की वाईट, ठरवता आलं नाही. अकराच्या सुमाराला समोर बूट येऊन थांबले. ट्रकचं तेल लागलेले. मी वर पाहिलं.

ड्रायव्हर उभा होता. एकदा रांगेकडे वळून पाहिलं. हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हतं. ते रिकामे होते.

"उस्ताद," तो म्हणाला, "बोल्ट अडकतोय."

मी सरकलो. बाक डुगडुगला. त्याने बसायच्या आधी तो हाताने धरला.